दुसरी वही

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री चौरंगावर एक नव्हे, दोन वह्या मांडतात. एक नव्या वर्षाची, कोरी करकरीत. दुसरी जुनी, लाल बासनात बांधलेली, कडेने पिवळी पडलेली. दुकान जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी हा प्रघात मोडलेला नाही. घरात नवी सून आली की पहिल्या दिवाळीला ती हमखास विचारते, "ही जुनी वही कशाला मांडायची?" मग सगळी माणसे माझ्याकडे पाहतात आणि फराळाची ताटे वाढून होईपर्यंत मला ती हकीकत सांगावी लागते. यंदा ती लिहूनच काढावी असे मनात आले. हकीकत एका वहीची असली तरी तिचा धागा पेशवाईच्या जासुदांपासून आजच्या चाकणच्या कारखान्यांपर्यंत आणि मुंबईच्या शेअरबाजारापर्यंत पोहोचतो. त्या धाग्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीचीही गाठ आहे.

माझ्या आजोबांचे पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, वाणसामानाचे दुकान होते. दुकानात दोन प्रकारच्या वह्या. जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहायचे ती रोजकीर्द. आणि तीच रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची ती खतावणी. रोजकीर्द हाताशी असली की खतावणी केव्हाही नव्याने घालता येते, म्हणून आजोबांचा सारा जीव रोजकिर्दीत. पणजोबांच्या वेळी वाड्याला आग लागून वह्या जळाल्या होत्या. त्या चटक्याने घरात एक शिस्त आली होती. दुकानात काम करणारे माझे एक चुलतकाका चिंचवडगावात राहत. दिवसाची रोजकीर्द ते एका सुट्या कागदावर उतरवून घेत आणि संध्याकाळच्या गाडीने चिंचवडला नेत. तेथे धाकटे आजोबा रात्री कंदिलाच्या उजेडात ते पान दुसऱ्या वहीत लिहीत. हीच आमची दुसरी वही.

१९६१ साली मी आठ वर्षांचा होतो. जुलैत पाऊस मुसळधार लागला होता. शुक्रवारी, ७ तारखेला, काका नेहमीप्रमाणे कागद घेऊन गेले आणि शनिवारी तापाने अंथरुणाला खिळले. चिंचवडचा कागद थांबला. "दोन दिवसांनी एकदम नेऊ," असे म्हणून आजोबांनी पाने गल्ल्याच्या फळीखाली ठेवली. बुधवारी, १२ जुलैला, सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. माणसे वाचली. दुकानाचे मात्र काही उरले नाही. साखरेची पोती विरघळून गेली, वह्यांचा लगदा झाला, आणि गल्ल्याच्या फळीखालची ती पाने कोठे वाहून गेली कोण जाणे.

पाणी ओसरल्यावर चिंचवडहून दुसरी वही आली. शुक्रवारपर्यंतचा हिशेब त्यात शाबूत होता. पुण्यातील कित्येक व्यापाऱ्यांजवळ एक ओळही उरली नव्हती, त्या मानाने आम्ही भाग्यवान. पण शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कोठेच नव्हते.

ओंकारेश्वराच्या बाजूला एक विधवा बाई खानावळ चालवीत. वहीत त्यांच्या नावावर ८५ रुपये बाकी निघत. बाई म्हणाल्या, "सोमवारी मी पन्नास दिले, अण्णा." आजोबांना ते आठवेना. वडील हळूच म्हणाले, "लिहिलेले तर नाही." आजोबांनी क्षणभर डोळे मिटले, आणि दौतीत टाक बुडवून बाईंच्या नावे पन्नास रुपये जमा लिहिले. मग वडिलांना म्हणाले, "चार दिवस हरवले ते आपण हरवले. ते तिने का भरायचे?"

आठ वर्षांच्या पोराला या वाक्याचा अर्थ काय कळणार? खरे सांगायचे तर साठीला टेकेपर्यंत तो मला कळला नाही.

*

महत्त्वाच्या लेखाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, ही युक्ती काही आमच्या घराण्याची नव्हे. पेशवाईत गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि परगण्याचे देशपांड्याकडे. एकाने खाडाखोड केली तर दुसऱ्याच्या कागदाशी ताडून पाहता येई. पण दप्तर ठेवणे वेगळे आणि ते एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचविणे वेगळे. आपल्या इतिहासात प्रतींचा विचार पुष्कळ झाला. त्यांच्यामधल्या वाटेचा मात्र त्या मानाने थोडा.

मराठी कागदपत्रांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार भेटतो. पत्र घेऊन जासूद धाडायचे ते जोडीने. एकाला साप डसला, ताप आला, तर दुसरा पुढे जाईल, हा हेतू. परंतु जोडी चाले एकाच वाटेने. नदीला पूर आला तर दोघांनाही तो सारखाच, आणि वाटेत शत्रूची चौकी बसली तर दोघेही एकदमच हाती लागायचे. ईस्ट इंडिया कंपनीची रीत निराळी होती. विलायतेला पाठवावयाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या गलबतांवर चढवीत. एक गलबत बुडाले तरी दुसरे सहसा पोहोचे. जोडीने पाठविणे आणि निरनिराळ्या वाटांनी पाठविणे यांतला हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो मला फार महागात पडला.

*

आमच्या दुसऱ्या वहीचे चिंचवड तेव्हा मोरया गोसावींच्या समाधीभोवतीचे, पवनेकाठचे खेडेच होते. पण शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्या दशकात टेल्को पिंपरीला आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि पाहता पाहता ज्वारीच्या शेतांतून पाळीचे भोंगे वाजू लागले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मग कारखानदारीने उत्तरेचा रस्ता धरला तो नाशिक रस्त्याने थेट चाकणपर्यंत.

चाकण हे नाव शाळेत असताना आपण ऐकलेले असते ते फिरंगोजी नरसाळ्यासाठी. १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे त्याने तेथला संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजवला. किल्ला पडला तो भुयार खणून बुरूज उडविल्यावर. त्याच चाकणला १९९९ साली बजाजने मोटारसायकलींचा कारखाना काढला, आणि २००९ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन व मर्सिडीज यांच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. जमिनीखाली कोण खणतो आहे याकडे लक्ष ठेवावे, हा चाकणचा जुना धडा. तो आम्ही विसरलो.

त्याच रस्त्याने पुढे गेले की नारायणगावाजवळ आर्वी लागते. उपग्रहामार्फत परदेशांशी बोलण्याचे आपल्या देशाचे पहिले व्यापारी केंद्र १९७१ साली तेथे सुरू झाले. वडिलांनी मला ती प्रचंड तबकडी लांबून दाखविली होती. "तुझे काका गाडीने कागद नेत, ही तबकडी आकाशातून नेते," ते म्हणाले. मी तारायंत्रांचा आणि पुढे संगणकांचा धंदा पत्करला, त्याला ती तबकडी पुष्कळशी कारण आहे.

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी हयात घालविली, तेथे मोटारींचे सुटे भाग होत. आरंभी हिशेब कागदावर, मग चुंबकीय फितींवर. रोज रात्री फीत काढायची आणि सकाळी जीपमधून दुसऱ्या इमारतीतील तिजोरीत नेऊन ठेवायची. म्हणजे काकांचीच रीत. फक्त आगगाडीच्या जागी जीप. त्यातला दोषही तोच. सायंकाळी पाच वाजता यंत्र बंद पडले तर सकाळपासूनचे सारे काम गेले.

१९९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बाँबस्फोट झाला आणि १२ मार्चला मुंबईत. मुंबईतल्या त्या मालिकेचा आरंभ शेअरबाजाराच्या इमारतीपासूनच झाला. ज्या जागी पैशांचे हिशेब राहतात त्या जागा किती नाजूक असतात हे जगाला त्या वर्षी नव्याने दिसले. १९९४ साली अमेरिकेतील ईएमसी या कंपनीने एक सोय बाजारात आणली. नोंदी साठविणाऱ्या यंत्राला धंद्यात नुसते 'स्टोरेज' म्हणतात. असे एक यंत्र आपल्यावर लिहिली जाणारी प्रत्येक नोंद तारेवरून दूरच्या दुसऱ्या यंत्राकडे आपोआप पाठवू लागले. याला 'रेप्लिकेशन' म्हणतात. काका नको, जीप नको. दुसरी वही आपली आपण लिहिली जाते.

*

ऐकायला हे सोपे वाटते. पण मधली वाट बांधायला बसले की एकेक प्रश्न उभा राहतो.

पहिला प्रश्न अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुष्कळ झाला, नाही का? पण नोंद पाठवायची, ती पोहोचल्याची पोच परत यायची, आणि मगच "लिहिले" असे म्हणायचे, अशी कडक शिस्त ठेवली की वेळ मोजावा लागतो. तीस किलोमीटरच्या तारेवर ही ये-जा सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी तीन भागांत होते. एकामागून एक लिहिणारा कारकून या हिशेबाने सेकंदाला तीन हजार नोंदी करील. हजार किलोमीटरवर तोच कारकून सेकंदाला शंभरांवर अडतो. म्हणून ही हातोहात पोच घेण्याची रीत जवळच्या गावी चालते. दूरच्या गावी नोंदी मागाहून पाठवाव्या लागतात, आणि मधल्या काळात चार नोंदी वाटेवर असतात हे मान्य करावे लागते.

दुसरा प्रश्न वाटेच्या रुंदीचा. सेकंदाला १० मेगाबिटची वाट घेतली तर ती अहोरात्र भरून वाहिली तरी १०८ गिगाबाइट नेईल. कारखान्यात दिवसाला दीडशे गिगाबाइट बदलत असतील तर दुसरी वही रोज थोडी थोडी मागे पडत जाते, आणि महिनाअखेरीस, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हा ती सर्वांत मागे असते. सरासरी पाहून वाट घेणारा फसतो. गर्दीचा तास पाहावा लागतो.

तिसरा प्रश्न शेजाराचा. रेप्लिकेशनची वाट कचेरीच्या इतर वाहतुकीत मिसळू दिली, तर कोणी मोठे चित्र पाठविले की वही खोळंबते. म्हणून यंत्रांना या कामासाठी निराळी दारे, निराळे पत्ते, निराळी गल्ली द्यावी लागते.

२००७ साली आमच्या कारखान्याची चाकणची शाखा सुरू झाली आणि तिचे स्टोरेज चिंचवडच्या स्टोरेजशी बांधायचे काम माझ्याकडे आले. दोन तारकंपन्यांकडून दोन वाटा घेतल्या. पत्ते नेमले, दारे उघडली, दोन्ही यंत्रांनी एकमेकांना रामराम केला. चाचणीचे छोटे निरोप सुरळीत ये-जा करू लागले. मग खऱ्या नोंदी सोडल्या, आणि गाडे जागच्या जागी थांबले. वाट जिवंत दिसते, हाक मारली की ओ येते, पण माल पुढे सरकत नाही. आम्ही तिघांनी सारी रात्र तारा हलवून पाहण्यात काढली.

पहाटे उलगडा झाला. तारेवर नोंदी गाठोड्यांनी जातात. वेग वाढावा म्हणून आम्ही दोन्ही टोकांना नऊ हजार अक्षरांचे गाठोडे नेमले होते. वाटेतल्या एका स्विचची चौकट मात्र होती पंधराशेची. चिठ्ठी त्या चौकटीतून सहज जाई, गाठोडे अडे. दोन्ही टोकांना पंधराशेचे माप लावताच वही धावू लागली. दोन्ही घरची माणसे कितीही शहाणी असोत, मधल्या चौकटीचे माप त्यांनी विचारायलाच हवे.

*

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो यंत्राने मला अगदी साध्या शब्दांत विचारला: दुसऱ्या वहीकडून पोच आली नाही तर पहिलीने काय करावे? थांबावे, की एकटीने पुढे लिहीत राहावे?

मला पानशेत आठवले. ते चार दिवस आठवले. आता एकही दिवस हरवू द्यायचा नाही, असे मी मनाशी म्हटले आणि कडक शिस्त निवडली. पोच नाही तर लेखन नाही. दोन वह्यांत एका अक्षराचेही अंतर राहणार नाही. आजोबांचा नातू शोभतो, असे वाटून त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

२००९ च्या पावसाळ्यातली एक रात्र. मोशीच्या बाजूला रस्त्याचे काम चालू होते. चिंचवडहून चाकणला जाणारी वाट भोसरी-मोशीवरून इंद्रायणी ओलांडते. कंपन्या दोन, बिले दोन. पण पूल एकच, आणि पुलाशी येणारा चरही एकच. खणणाऱ्या यंत्राने एका फावड्यात दोन्ही तारा तोडल्या. जासुदांची जोडी एकाच वाटेने चालली होती.

चाकणचे यंत्र धडधाकट होते. वीज होती, माणसे होती, माल तयार होता. परंतु चिंचवडची पोच येईना, म्हणून यंत्राने मी सांगितल्याप्रमाणे हात आखडला. मालाबरोबर जाणारी चिठ्ठी छापेना. चिठ्ठीवाचून फाटकातून ट्रक सुटेना. आमचा माल घेणारे मोटारींचे कारखाने काही तासांपुरताच साठा बाळगतात. मला फोन आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पावसातून स्कूटर रेटीत मी पोहोचलो, वरिष्ठांची परवानगी मिळविली, आणि चाकणच्या यंत्राला एकट्याने लिहिण्याची मुभा दिली तोवर साडेतीन झाले होते. एक अक्षर हरवले नव्हते. माझी व्यवस्था अगदी सांगितल्याबरहुकूम वागली होती.

फाटकापाशी कंत्राटी कामगारांचा एक घोळका रेनकोटातून निघालेला दिसला. ओळ थांबली म्हणून दोन वाजता त्यांना घरी जायला सांगितले होते. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारले, "साहेब, आमची अर्धी पाळी धरतील का?" मी म्हणालो, "विचारतो." मी विचारले, लेखी विचारले. काही दिवसांची मजुरी धरली गेली, काहींची नाही.

त्या पहाटे इंद्रायणीच्या पुलावर स्कूटर थांबवून मी उभा राहिलो. चर उघडा पडला होता, तारांची टोके पावसात लोंबत होती. आणि अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचे वाक्य मला पहिल्यांदा पुरते ऐकू आले: "ते तिने का भरायचे?" मी आजोबांचे चार दिवस तेवढे लक्षात ठेवले होते, त्यांचा प्रश्न विसरलो होतो. दोन वह्यांमधले अंतर शून्य करायचे म्हटले तरी किंमत द्यावीच लागते. ती कोणी द्यायची हे वाट बांधणारा मुकाट्याने ठरवून टाकतो. मी ठरविले होते, आणि ज्यांना विचारले नव्हते त्यांनी ती दिली.

पुढे आम्ही सारी मांडणी बदलली. एक वाट मोशीची ठेवली. दुसरी तळेगावावरून इंदुरीच्या पुलाने फिरविली. नकाशा कंपनीच्या कचेरीतून मागवून न थांबता दोघांनी रस्त्याने हिंडून तो पडताळला. पोच न आल्यास काही क्षण वाट पाहायची, मग पहिलीने एकटीने लिहीत राहायचे, मोठ्याने घंटा वाजवायची, आणि राहिलेल्या नोंदींची यादी ठेवायची. वाट पुन्हा जुळली की मागचे भरायचे. पण भरणी चालू असता दुसरी वही अर्धवट असते, म्हणून आधी तिचा एक शाबूत ठसा बाजूला काढायचा. आणि किती मिनिटांच्या नोंदी हरवू शकतात हे कारखान्याच्या मालकाकडून लिहून घ्यायचे, त्याबरोबर तो तोटा कोणाच्या नावे पडेल हेही.

*

माझी चूक लहान जागेत झाली, म्हणून ती फारशी कोणाला ठाऊक नाही. तिचेच मोठे भावंड साऱ्या देशाने पाहिले ते २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, बुधवारी. मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालवावे लागले. बाजारांचे नियमन करणाऱ्या सेबीने दूरच्या केंद्राखेरीज जवळही एक केंद्र ठेवण्याचा दंडक घातलेला आहे, तो एकही नोंद हरवू नये म्हणूनच. त्याप्रमाणे बाजाराचे एक मुख्य केंद्र आणि एक जवळचे केंद्र मुंबईतच होते, आणि दोहोंच्या मध्ये दोन तारकंपन्यांच्या वाटा.

बाजाराने पुढे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात सांगितले की, दोन्ही कंपन्यांच्या वाटा डळमळल्या त्या मुख्यतः दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेल्या खोदकामामुळे व बांधकामामुळे. इतके झाले तरी मुख्य केंद्र चालू राहायला हवे होते. पण स्टोरेजची मांडणी पुरवठादाराने बाजाराच्या अपेक्षेप्रमाणे केलेली नव्हती; रेप्लिकेशनची वाट डळमळताच मुख्य स्टोरेजच संगणकांना मिळेनासे झाले. सौद्यांतील जोखीम क्षणोक्षणी तोलणारी यंत्रणा त्यामुळे बंद पडली, आणि तिच्यावाचून बाजार चालू ठेवणे धोक्याचे होते.

वर्तमानपत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. मुंबईला पूर आला नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसले काही झाले नव्हते. आग नव्हती, स्फोट नव्हता. दुसऱ्या वहीशी बांधलेली दोरीच पहिलीच्या पायात आली होती. त्या दिवशी सौदा उरकण्यासाठी धडपडणारे लहान गुंतवणूकदार मला चाकणच्या फाटकातल्या घोळक्यासारखे दिसले.

*

वाट तुटण्याचा याहूनही वाईट परिणाम होऊ शकतो. तो आपल्या इतिहासाने फार पूर्वी दाखविला आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूची निर्विवाद खबर पुण्याला पोहोचली नाही. त्या पोकळीतून भाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ साली कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले, कारण किल्लेदारांना खरा धनी कोण हे ताडून पाहायला साधन नव्हते. अखेर पुण्यात त्याला देहान्त शासन झाले, पण तोवर पुष्कळ माणसे नाहक मेली.

दोन स्टोरेजमधली वाट तुटली की हेच होऊ शकते. दूरच्या यंत्राला वाटते, पहिले मेले, आता मीच धनी. पहिले तर जिवंतच असते. दोघेही लिहू लागतात, दोन्ही वह्या खऱ्या दिसतात, आणि वाट पुन्हा जुळते तेव्हा कोणती खरी हे सांगता येत नाही. म्हणून शहाणे लोक तिसऱ्या जागी एक छोटा साक्षीदार ठेवतात. तो हिशेब ठेवत नाही. दोघांपैकी कोण जिवंत आहे एवढेच पाहतो, आणि वाद झाला की ज्याला त्याची साक्ष मिळेल त्यानेच लिहायचे. पंचाशिवाय दोन भावांच्या वाटण्या करू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नव्हे.

*

आता मी निवृत्त आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने आपली केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे उघडली. पुण्याच्या केंद्रात ठेवलेल्या नोंदीची दूरची प्रत हवी असल्यास ती चेन्नईला जाते. आमचे काका चिंचवडपर्यंत जात. माझी धाकटी सून याच धंद्यात आहे. घरी बसून, चहाचा पेला बाजूला ठेवून, ती अशा वाटा नेमते, आणि मला तिच्या कामातले निम्मे कळत नाही. मात्र गेल्या दिवाळीत ही हकीकत ऐकून ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, आम्ही किती मिनिटे हरवली तर चालेल हे दरवेळी लिहितो. ती कोणाची मिनिटे असतील, हे कोणी लिहीत नाही."

यंदा ती एका नव्या कामाचा आराखडा घेऊन आली होती. त्यात तिने एक रकाना वाढवला आहे. वरच्यांनी तो ठेवला तर ठेवला.

लक्ष्मीपूजनाला दोन्ही वह्या चौरंगावर असतील. जुन्या वहीत ७ जुलै १९६१ च्या पानाखाली चार कोऱ्या ओळी आहेत, आजोबांनी मुद्दाम सोडलेल्या. त्यांच्याखाली, निराळ्या शाईने, खानावळीच्या बाईंचे पन्नास रुपये जमा आहेत. हळदकुंकू वाहताना सुनेला मी ते पान उघडून दाखविणार आहे.